ठिणगीच्या पाण्याच्या मॅडम

आमच्या शिरूरच्या कॉलेजातल्या मॅडम प्रयोगशाळेला कुलूप लावून निघाल्या, की गेटापासून हमखास परत यायच्या. वीज बंद आहे ना, ते पुन्हा बघायच्या. मी तिथला लॅब असिस्टंट. ‘मी पाहिलंय, मॅडम,’ म्हटलं तरी त्यांना चैन पडायचं नाही.

त्यांचं यंत्र लहानसंच होतं. काचेच्या भांड्यातल्या पाण्यावर हवेतून वीज सोडायची. जांभळा उजेड थरथरत राहायचा. त्याला त्या थंड प्लाझ्मा म्हणत, आणि त्या पाण्याला मी ठिणगीचं पाणी म्हणायचो. त्यानं पाण्यात जंतू मारणारी द्रव्यं तयार होतात, आणि ती फार काळ टिकत नाहीत. माहेरी दौंडला गेल्या की भीमेचं पाणी कॅन भरून आणायच्या, इथं घोडनदीचं. रंग मिसळलेलं पाणी डोळ्यांदेखत फिकं पडलं, की मी हरखून जायचो. त्या म्हणायच्या, "रंग गेला, ते दिसलं. आत काय राहिलं, ते अजून ठाऊक नाही."

हे ‘अजून ठाऊक नाही’ दिवसातून दहादा ऐकू यायचं. मला तेव्हा तो भित्रेपणा वाटायचा.

असं पाणी जखमेवरही चालतं का, हे ठिकठिकाणी तपासलं जातंय, असं त्याच बोलल्या होत्या. आणि माझ्या वडिलांच्या, आबांच्या, पायाला जखम झाली होती. शुगरमुळे ती भरेना. दवाखान्याचं नाव काढलं की आबा म्हणायचे, "डाक्टर पाय कापत्यात. मी न्हाई येणार."

मी मॅडमकडे बाटलीभर पाणी मागितलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "वीज किती वेळ दिली तर जखमेला बरं आणि किती दिली तर वाईट, मला सांगता येत नाही. आबांना आजच दवाखान्यात न्या."

मी नेलं नाही. प्रयोगशाळेच्या कपाटातली त्या पाण्याची बाटली घरी नेली आणि मॅडमनीच दिलीय असं घरच्यांना सांगून तीन दिवस आबांचा पाय धुतला. चौथ्या दिवशी बोटं काळी पडली, अंग तापलं. मी मॅडमकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. पर्स उचलली, स्वतःच्या गाडीत आबांना घातलं आणि थेट पुणं गाठलं. वाटेत विचारत राहिल्या, "पाणी कधीचं होतं? किती वेळा लावलं?" सगळं कागदावर लिहून डॉक्टरांना दिलं.

दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला. पाण्यानं बिघडलं का, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, "ते सांगता येत नाही. उशीर झाला, एवढं नक्की."

चुलत्यांनी कॉलेजात येऊन मॅडमच्या नावानं आरडाओरडा केला. प्राचार्यांसमोर मॅडम म्हणाल्या, "कपाट उघडं राहिलं. बाटलीवर काही लिहिलेलं नव्हतं. चूक माझी आहे."

मी शेजारीच उभा होतो. ‘माणसांवर वापरू नये’ असं बाटलीवर त्यांच्याच अक्षरात ठळक लिहिलेलं होतं. ते वाचूनच मी ती पिशवीत टाकली होती.

बाहेर आल्यावर विचारलं, "मॅडम, असं का बोललात?"

"तुमची नोकरी गेली तर आबांचं औषधपाणी कोण बघणार?"

प्रयोग बंद झाला. वर्षअखेर त्या दुसऱ्या शहरात गेल्या. तरी दर रविवारी फोन यायचा आणि पहिला प्रश्न पायाचा असायचा. जखम पूर्ण भरली त्या रविवारी मी म्हणालो, "मॅडम, काल प्राचार्यांना सगळं खरं सांगितलं. मेमो मिळालाय."



"लेखी दिलंत?"

"व्हय."

"आबांना सांगितलंत?"

"न्हाई अजून."

"मग जा, सांगा. मी फोन धरून थांबते."

आबा ओट्यावर ऊन खात बसले होते. मी फोन हातात धरून त्यांच्यासमोर जाऊन बसलो.