पदराची गाठ

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर तोंडावर येडा म्हणत आलोय. मसणवाट्याशेजारी आमचं रान आहे, उसाला पाणी भरायला तिथं वाटेल तेव्हा गेलोय. कधी काही दिसलं नाही. तरी हे लिहितोय, कारण मनातून जात नाही... शाळा सातवीपर्यंत झाली, तेव्हा चुका पोटात घाला.

आम्ही संगमनेर तालुक्यातले. घरात मी, मुलगा भाऊसाहेब, सून आणि नात ऋतुजा. बायको, आमची म्हातारी होती, ती गेली.

आमच्या म्हातारीला अक्षर ओळखीचं नव्हतं. काही ध्यानात ठेवायचं असलं की पदराला गाठ मारायची, आणि गाठीत खूण ठेवायची. गाईचं काम असलं तर पेंडेचा तुकडा. नातीचं असलं तर खडीसाखर. माझं असलं तर लवंग, कारण दाढ दुखते म्हणून मी कायम लवंग चघळतो. गाठही तिची वेगळी, दुहेरी मारून टोक आत खोचलेली. कॉलेजवाली ऋतुजा तिची चेष्टा करायची, "आज्जी, तुझ्या पदराची मेमरी फुल झाली." म्हातारी म्हणायची, "तुझ्या मोबाईलची बॅटरी जाती बाई. माझा पदर कधी बंद पडला का?"

मग ऋतुजाचा अपघात झाला. मैत्रिणीच्या स्कूटीवर मागं बसली होती, गाडी घसरली आणि डोकं रस्त्यावर आपटलं. नाशिकला मेंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पाहुण्यांना बोलवून घ्या. दवाखान्याच्या धावपळीत माझ्या चष्म्याची काडी मोडली, तो म्हातारीनं माझ्याकडून घेतला. पोरीपाशी तिला आत सोडलंच नाही, काचेतून बघितलं तेवढंच. गाईचे हाल होतील म्हणून ती एकटीच एसटीनं घरी आली. मी तिथंच राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढता काढता गोठ्यातच गेली.

मी आलो तेव्हा बायांनी तिला आंघोळ घालून हिरवं लुगडं नेसवलं होतं. अंगावरचं जुनं बाजूला पडलेलं. त्याच्या पदराला गाठ होती. मी हातानं दाबून बघितली, आत लवंग. म्हणजे काम माझं होतं. काय काम, ते कोणाला विचारणार? ते जुनं लुगडंही तिच्याबरोबरच सरणावर गेलं. माझ्या डोळ्यांदेखत जळालं. पण ती गाठ डोक्यातून जाईना... जेवताना, झोपताना, तेच. काय राहिलं होतं तिचं?

ऋतुजा वाचली. पण चमच्याला कुलूप म्हणायची, रस्ता विसरायची. डाव्या हातात जोर नाही, वेणी अजून आईच घालते. तरी कॉलेजला जायचंच म्हणून हटून बसली. सगळं मोबाईलवर लावलेलं. तो वाजला की गोळी, वाजला की बस. पहिल्याच आठवड्यात भलत्याच फाट्यावर उतरली, पाहुण्यांनी ओळखून घरी आणली. भाऊसाहेबानं बजावलं, पुन्हा असं झालं तर कॉलेज बंद. ती रडली नाही. मला हळूच म्हणाली, "आबा, घरात बसले तर व्हतं त्येबी इसरून जाईन."

आणि एका दुपारी रोजच्या बसमधून ती उतरलीच नाही. मोबाईल बंद. भाऊसाहेब मोटारसायकल काढून संगमनेरला गेला, स्टँड पालथा घातला. मी फाट्यावर उभा. ऊन कलल्यावर पुढच्या बसनं आली, अगदी शांत. मागून भाऊसाहेबही पोचला. म्हणाला, "संपलं. उद्यापासून घरी."

तिनं सॅकमधून कागदाची पुडी काढली आणि माझ्या हातात दिली.

"आबा, तुमचा चष्मा. आज्जीनं दुरुस्तीला टाकला हुता."

मी तर तो म्हातारीकडून कुठं हरवला म्हणून सोडून दिला होता.

मोबाईल बंद पडल्यावर स्टँडवर तिला काही सुधरेना. तोंड पुसायला ओढणी घेतली तर टोकाला गाठ. दातानं सोडली, आत लवंग. "लवंग बघितली अन् कळलं, आबाचं काम हाय. मग पाय आपुआप गेलं त्या दुकानात." मूठ उघडून तिनं ती लवंगही दाखवली. ओढणीच्या टोकाला दुहेरी चुण्या पडलेल्या, सुनेनं त्या बोटांनी चाचपून बघितल्या. सकाळी तिनंच इस्त्री करून दिली होती, तेव्हा गाठ नव्हती. आणि ऋतुजाला तर बुटाची लेसही बांधता येत नाही.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, बेशुद्धीतही कानावर पडतं, आजी काही बोलली असेल. अहो, आजीला आत सोडलं होतं का?

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या वेळेला भाऊसाहेबानं गुमान मोटारसायकल काढली, पोरीला फाट्यावर सोडली.

मी त्या चष्म्याच्या दुकानात जाऊन आलो. स्टँडमागच्या गल्लीत आहे, आमच्यातलं कोणी आधी तिथं गेलेलं नाही. दुकानदाराला म्हातारी आठवत होती. पावती देऊ लागला तर हिनं घेतलीच नाही, वाचता येत नाही म्हणाली आणि त्याच्यासमोर पदराला गाठ मारली. न्यायला कोण येणार, असं त्यानं विचारलं होतं.

"घाई न्हाई बाबा," म्हणाली, "माझी नात हितंच कॉलेजला हाय. ती न्हेईल."

त्या दिवशी नात नाशिकला काचेच्या आड पडली होती, आणि आम्ही पाहुण्यांना फोन करत होतो.

तोच चष्मा लावून हे लिहितोय. एक काडी काळी, एक तपकिरी. ओढणीला गाठ कोणी मारली, लवंग कुठून आली, मला माहीत नाही. कोणाला कळत असेल तर सांगा, पण येडा म्हणू नका. दोरीवर ऋतुजाची ओढणी वाळत असली की जाता-येता तिची टोकं चाचपतो. सून बघते. अजून तरी गाठ लागलेली नाही... चाचपतो मात्र.