मामांचं सुधारित काडतूस

शिकारीला बंदी असलेल्या देशात शिकारीचं नवं काडतूस घडवण्यात उभं आयुष्य घालवणारा माणूस जगाच्या पाठीवर एकच झाला असेल, आणि तो नेमका माझा मामा निघावा हे माझं नशीब. इतरांचे मामा भाचीला जत्रेला नेतात, फ्रॉक घेतात. माझे मामा मला पुढ्यात बसवून सांगायचे, की दुकानात मिळणारं काडतूस म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा. त्यांच्याकडे आजोबांच्या वेळची परवान्याची रायफल होती. एका परवानाधारक कारागिराकडून त्यांनी तिची नळी आपल्या मनासारखी करून घेतली; त्यासाठी लागणाऱ्या परवानग्या गोळा होईपर्यंत माझी मामेबहीण शाळेतून कॉलेजात गेली. मग तयार काडतुसाची पितळी नळी घ्यायची, पोलादी साच्यात दाबून तिची मान बारीक करायची, आत स्वतः तोललेली दारू भरायची आणि वर हलकी गोळी बसवायची, असा उद्योग सुरू झाला. हे काडतूस दुसऱ्या कुठल्याही रायफलीत बसणार नाही आणि त्या रायफलीत दुसरं काडतूस जाणार नाही, याचा मामांना कोण अभिमान! कपाशीच्या बियाण्याला द्यावं तसं त्याला त्यांनी नावही दिलं होतं, 'म्हसावद सुधारित'.

दारू तोलायच्या दिवशी म्हसावदच्या त्या घरात संचारबंदी असे. सोनाराचा काटा मधल्या खोलीत मांडला जाई आणि वाऱ्यानं तो हलू नये म्हणून घरातले सगळे पंखे बंद होत. चूल बंद, देवापुढची उदबत्ती बंद, मामींचं बोलणंही शक्य तितकं बंद. आमच्या खानदेशात मे महिन्यात पंखा बंद करणं ही चेष्टा नाही. मामेबहिणीला पाहायला पाहुणे आले तो नेमका तोलण्याचा दिवस निघाला. मुलाचे वडील टोपीनं वारा घेत बसले होते, मुलाचा सदरा पाठीला चिकटला होता, आणि मामा आतून ओरडत होते, "जरा दम धरा, पाव्हणं! काटा स्थिर व्हई ऱ्हायना!" स्थळ हातचं गेलं असं आम्ही धरून चाललो होतो. पण तिकडून होकार आला. मुलाच्या आईचं म्हणणं, "इतली गरमी व्हती तरी पोरगी हसी ऱ्हायनी व्हती. आमनं घर ती सहज निभाई."

रायफलीचे लाड तर विचारू नका. निवडणूक आली की परवान्याची सगळी हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. बाकीचे लोक आपली बंदूक काठीसारखी टेकवून पावती घेत आणि चालू लागत. मामा मात्र रायफल मामींच्या धुवट लुगड्यात गुंडाळून, पोर आजोळी सोडावं तशी घेऊन जायचे. "तिले भितीले टेकाडू नका, ओल लागस," असं हवालदाराला बजावून निघायचे, आणि फाटकापाशी जाऊन तेच सांगायला परत यायचे. इतकं करून त्या रायफलीनं एकही जनावर मारलं नाही. एकदा उसातली रानडुकरं मारायची रीतसर परवानगी वनखात्याकडून गावाला मिळाली. सगळा गाव मामांच्या ओट्यावर जमला. मामांनी हवा पाहिली, एक काडतूस कानाशी नेऊन हलवलं आणि जाहीर केलं, "आखो चाचणी पुरी नई व्हयनी." डुकरांनी त्या हंगामात मामांचाच ऊस आधी संपवला.

या चाचणीनंच घात केला. मामांचा तो मान बारीक करायचा साचा घडवला होता शहाद्याच्या मिस्त्रींनी. स्वतःच्या लेथवर काम करणारा हा माणूस मामांचा एकुलता एक खरा मित्र. दर बाजाराच्या दिवशी मामा त्यांच्या कारखान्यात जाऊन बसत. तिथे केसभर जाडीवरून तासन्‌तास वाद चाले, चहा होई, परत वाद. पण नेमबाजी क्लबच्या मैदानावर चाचणीला जावं तर मामांच्या गोळ्या कागदभर पांगायच्या. एक वर्ष मामांनी दारूला दोष दिला, मग पितळेला, मग हवेला, मग लांब उभ्या असलेल्या मामींच्या खोकल्याला. दर वर्षी काडतुसात नवी सुधारणा व्हायची आणि दर वर्षी गोळ्या आणखी पांगायच्या. शेवटी एके दिवशी मामांनी भर कारखान्यात, गिऱ्हाइकांसमोर, साचा बाकावर आदळला. "मिस्तरी, तुन्हा साचाच वाकडा शे!"

त्या दिवशी मी सोबत होते. मिस्त्रींनी साचा उचलला, पुसला, मामांकडे बराच वेळ पाहिलं. त्या माणसाच्या कामाला उभ्या तालुक्यात कुणी नाव ठेवलं नव्हतं. मला वाटलं आता भांडण पेटणार. पण ते हळू आवाजात एवढंच म्हणाले, "व्हई, दादा. मन्हीच चुकी व्हई." मामा उठले ते पुन्हा त्या कारखान्याची पायरी चढले नाहीत. दुसऱ्या शहरातून नवा साचा आणला. गेल्या वर्षी मिस्त्री वारल्याचा निरोप आला, तेव्हा मामा ओट्यावर बसून राहिले. मामी एकट्या जाऊन आल्या.

या हिवाळ्यात मामांनी मला गाडी काढायला लावली. त्यांना एकदाचं सिद्ध करायचं होतं, की वाकडा होता तो मिस्त्रींचा साचा. म्हणून नव्या साच्यातली काडतुसं घेतली आणि मिस्त्रींच्या साच्यातली, कपाटात पडून असलेली जुनीही घेतली. मामी दशम्यांचा डबा घेऊन मागे बसल्या. मैदानावर मामांनी आधी स्वतः नव्या साच्यातली काडतुसं मारून पाहिली. कागदाची चाळणी झाली. तिथला शिकवणारा मुलगा आदबीनं म्हणाला, "काका, मी मारून पाहू का?" मामा बाजूला झाले. मुलानं नव्या साच्यातली मारली. सगळ्या गोळ्या बोराएवढ्या जागेत. मामा खूश! "आते ती वाकडी मार आनि गंमत देख," म्हणाले. मुलानं जुनी मारली. दुर्बिणीतून मामा बघत राहिले. सगळ्या गोळ्यांचं मिळून एकच भोक दिसत होतं, किंचित मोठं झालेलं. "आखो मार," मामा म्हणाले. मुलानं पुन्हा मारली. भोक तेच. मामांनी दुर्बीण खाली ठेवली आणि आपला उजवा हात वर करून डोळ्यांसमोर धरला. तो हात थरथरत होता. आम्हां सगळ्यांना तो किती वर्षं दिसत होता, आणि एकानंही तोंड उघडलं नव्हतं.

आम्ही गाडीत बसून परत निघालो. दोंडाईचा मागे पडल्यावर मामांनी मान न वळवता विचारलं, "तुले ठाऊक व्हतं?"

"इतला वरीस तुमले अर्धा कपच च्या देस मी," मामी म्हणाल्या. "भरेल कप सांडस तुमना हातमा."

"आनि मिस्तरी?"

मामींनी पदर तोंडाला लावला. "तुमी भांडीसन उनात, त्याना दुसरा दिन घर उना व्हता तो. बोलना, 'वहिनी, दादाना हात कापस, त्यासले सांगू नका. काडतूस गयं ते दादा जगी कसा? दोस मन्हावरच राहू द्या.'"

मामांची थट्टा करण्यात माझं बालपण गेलं. पण त्या क्षणी मला त्यांच्याकडे बघवेना. माणूस काडतूस सुधारत बसला होता, आणि ते पहिल्याच खेपेला झालं होतं. ज्यानं ते साधलं त्याच्याच पुढ्यात मामांनी साचा आदळला होता, आणि आता हे त्याला सांगावं तर तो राहिला नव्हता.

शहादा आलं तसं मामा म्हणाले, "गाडी वळाव." मिस्त्रींच्या दारात आम्ही उतरलो. त्यांच्या बायकोनं दार उघडलं. आम्हांला बसवलं, चहा टाकला. भरलेला कप मामांच्या हातात दिला तसा चहा बशीत आणि बशीतून धोतरावर सांडू लागला. मामी पुढे होऊ लागल्या, मामांनी त्यांना नजरेनंच थांबवलं.

"वहिनी," ते म्हणाले, "साचा बरोबर व्हता. हात मन्हा वाकडा व्हता."

"माले माहीत शे, दादा," त्या म्हणाल्या. "साचाले नाव ठेवं, त्यानं त्यासले काय वाटनं नई. पन दर बाजारना दिन ते दोन कप मांडेत. तुमी येवानं बंद करं, तेच त्यासले लागनं."

 मामांनी दोन्ही हातांनी कप धरला आणि सांडत सांडत सगळा चहा संपवला.