आमच्या संगणक मंडळाची नियमावली

आमच्या कचेरीने कागदी अर्ज घेणे बंद केले, त्या दिवशी फाटकाबाहेर बसणाऱ्या आम्हा आठ अर्जनवीसांना कळून चुकले की यापुढे ज्याला संगणक येईल त्याचेच टेबल राहील. माझे शिक्षण नववीपर्यंत. परंतु माझ्या मसुद्यातला स्वल्पविराम हलवण्याची वकिलांचीही छाती नसे. सबब माझे टेबल जाणे हे मुख्यत्वे कचेरीचेच नुकसान ठरले असते.

आमच्यात कामठीहून येणारी एक टंकलेखिका होती. तिला संगणक येत होता आणि, त्याहून दुर्मीळ म्हणजे, शिकवताना राग येत नव्हता. दर शनिवारी दुपारी चहाच्या टपरीमागे आम्ही तिच्या लॅपटॉपभोवती जमू लागलो.

"बाई, माझी फाईल कुठं गेली वं?" कोणीतरी विचारी.

"तुमीच ठेवली ना कुठंतरी, काकाजी. चपलेसारखी शोधा."

सगळे हसत, फाईल सापडे. आपले अज्ञान चारचौघांत मांडण्याची लाज कोणालाच नव्हती. लवकरच सक्करदऱ्याचे झेरॉक्सवालेही येऊ लागले.

हा प्रकार मला अत्यंत अव्यवस्थित वाटला. अध्यक्ष नाही, इतिवृत्त नाही, ज्ञान नुसते सांडत होते. मी नियमावली तयार केली, बैठक टपरीमागून माझ्या टेबलासमोर आणली आणि एकमताने अध्यक्ष झालो. ते एक मत माझे होते. नियमानुसार प्रत्येक शंका लेखी अर्जाद्वारे, कारणांसह, तीन प्रतींत, सात दिवस आधी अध्यक्षांकडे सादर करावयाची होती. अर्ज लिहिणाऱ्यांच्या मंडळाला याहून शोभणारी पद्धत कोणती?

पहिल्या शनिवारी सहा अर्ज आले. पाच उपाध्यक्षपदाविषयी होते. सहावा माउसविषयी होता. त्यावर सही नसल्याने तो मी परत केला.

टंकलेखिका म्हणाली, "काकाजी, सात दिवसांत तं माणूस संगणक विकून टाकते."

तिचे म्हणणे मी लेखी मागवले. त्यानंतर ती बैठकीला आली नाही. हळूहळू कोणाचीच शंका येईना. सभासदांचे पूर्ण समाधान झाले असल्याचे मी इतिवृत्तात नोंदवले. मंडळ ओस पडले की लोक मोबाईलला दोष देतात. आमच्या बाबतीत तो बिचारा निर्दोष होता.

मग एका शनिवारी कन्हानचे एक निवृत्त खाणकामगार आले. त्यांच्या पेन्शनच्या अपिलाची मुदत त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत होती. अपील मी लिहिले; अर्थातच उत्तम. जोडपत्रे मोबाईलने स्कॅन करून माझ्या नव्या लॅपटॉपवर घेतली. संगणकाने कळवले की फाईल मोठी आहे. मी तीच फाईल पुन्हा पाठवली, अधिक जोराने बटण दाबून. चार वाजून गेले. अखेर मी कोरा कागद घेतला आणि सुरुवात केली : 'मा. अध्यक्ष, संगणक मंडळ. विषय : फाईल लहान करून मिळणेबाबत.'

"हे काय लिहून राहिले जी?" खाणकामगारांनी विचारले.

"अर्ज."

"कोणाले?"

अध्यक्ष मीच होतो. कागद मी घडी करून खिशात घातला. लॅपटॉप आणि जोडपत्रे उचलून मी त्यांच्यासह टपरीमागे गेलो. माझे मंडळ तेथे पूर्ण संख्येने भरलेले होते. कोणीही उठून उभे राहिले नाही.

"या काकाजी," टंकलेखिका म्हणाली. "तीन प्रती आणल्या काय?"

"मले जमून नाही राहिलं, बाई," मी म्हणालो. कोणीतरी बाकावर सरकले. मी बसलो.

"रंगीत काहून स्कॅन केलं? त्यानंच फाईल मोठी झाली. पेन्शनच्या कागदाले रंग कशाले पायजे?" तिने ते काळ्या-पांढऱ्यात कसे घ्यायचे हे एका पानावर दाखवले आणि हात काढून घेतला. "बाकीचं तुमी करा."

"अहो, मुदत..." मी म्हणालो.

"वेळ आहे. करा."

दोनदा चुकलो. सर्वांनी मोकळेपणाने हसून घेतले. खाणकामगार मात्र हसले नाहीत. ते माझ्या खांद्यामागे उभे राहून घड्याळ पाहत होते. तिसऱ्यांदा पडद्यावर पोच उमटली.

"झालं काय जी?"

"झालं."

त्यांनी टोपी काढून कपाळ पुसले. एवढ्यात शेजारच्या झेरॉक्सवाल्याने मान पुढे केली. "भाऊ, कसं केलं हे? मलेबी सांगा ना." मी त्याला सविस्तर सांगितले. थोडे चुकीचे सांगितले. ते बाईंनी तिथल्या तिथे दुरुस्त केले.