साडूंची गळकी गाडी

माझ्या साडूंचा जगात कोणावरही विश्वास नव्हता. केंद्र सरकारात उभी हयात काढून सरकारवर नव्हता, डॉक्टरांवर नव्हता आणि मिस्त्रीवर तर नव्हताच. होता तो एका पुठ्ठ्यावर. टीव्हीच्या खोक्याचा तो पुठ्ठा ते संध्याकाळी गाडीच्या इंजिनाखाली सरकवून ठेवीत, आणि सकाळी बाहेर ओढून, चष्मा कपाळावर चढवून, त्याच्यावर पडलेले डाग वाचत बसत. डाग पुढे सरकला की त्यांना एक शंका येई, मागे सरकला की दुसरी. "काळपट ते इंजिनाचं तेल, लालसर ते स्टीअरिंगचं, आणि पाणी असलं तर एसीचं. पाण्याला घाबरायचं नाही," हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं, की माझ्या मुलीला ते शाळेतल्या कवितांच्या आधी पाठ झालं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. द्वारकेत आम्ही एकाच सोसायटीत राहत होतो आणि दोघांचीही कचेरी नोएडात होती. त्यामुळे मी रोज त्यांच्या गाडीतून जावं हे दोघी बहिणींनी परस्पर ठरवून टाकलं. नातं असं, की नाही म्हणायची सोय नव्हती. साडू वयानं मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणे. ते मला साडूबुवा म्हणत. आठ वर्षं मी त्या गाडीत त्यांच्या डाव्या हाताला बसलो. पहिली तीन-चार वर्षं बरी गेली. मग गाडीनं लाखाचा आकडा ओलांडला आणि ती गळायला लागली.

दुसरा कोणी असता तर त्यानं तेल ओतत राहून दिवस काढले असते. आमचे साडू दुरुस्ती करीत. इंजिनावरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, तर गळती खालच्या, तेलाच्या चेंबरला लागली. चेंबरचं पॅकिंग बदललं, तर तेल काढायच्या ड्रेन बोल्टाला. बोल्टाचा वायसर बदलला, तेव्हा चार दिवस पुठ्ठा कोरा राहिला आणि साडूंनी घरी शिरा करायला लावला. पाचव्या दिवशी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधून थेंब आला. मिस्त्री म्हणाला, "सर, पीछे का सील गया है. पूरा गिअरबॉक्स उतरेगा. पुरानी गाडी है, चलने दो." हे 'चलने दो' साडूंच्या फार जिव्हारी लागलं. त्यानं गळती थांबवण्याचं एक औषध इंजिनात ओतून देतो म्हटलं, तेव्हा तर ते सील न बदलताच दुकानातून उठून आले. औषधानं गळती थांबत नाही, लपते, असं त्यांचं म्हणणं होतं. लपवाछपवीचा त्यांना मनस्वी तिटकारा होता.

डिकीत तेलाचा डबा, नरसाळं आणि जुन्या बनियनांच्या चिंध्या कायम असत. मधल्या काळात माझी एकही पँट डागाशिवाय राहिली नाही. गाडीतून उतरलो की अंगाला जळक्या तेलाचा वास येई. कचेरीत लिफ्टमध्ये शिरलो की लोक आधी माझ्याकडे आणि मग पंख्याकडे बघत. दर रविवारी सकाळी साडू लाकडाचा भुसा आणि कपड्यांचा साबण घेऊन बेसमेंटमध्ये गुडघ्यांवर बसत आणि फरशीवरचे डाग घासून काढत. आपले डाग काढून झाले, की शेजारच्या गाड्यांखालचेही काढत. परिणाम असा झाला, की बेसमेंटमधले झाडून सगळे डाग त्यांचेच, अशी सोसायटीची खात्री पटली. मग कमिटीनं त्यांना गाडी गेटाबाहेर लावण्याचं पत्र दिलं. कमिटीत मीही होतो. सात सह्यांमधली चौथी सही माझी. साडूंनी पत्र शांतपणे वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि मला एवढंच म्हणाले, "तुमची सही छान आहे, साडूबुवा. वाचता येते." दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ते नेहमीसारखे माझी वाट बघत गेटाबाहेर उभे होते.

माझा राग मात्र वेगळ्याच गोष्टीचा होता. माझ्या बढतीची मुलाखत होती त्या दिवशी धौला कुआँच्या पुलाखाली बॉनेटमधून धूर निघाला. तेल तापलेल्या सायलेन्सरवर ठिबकत होतं. मी रिक्षा शोधायला लागलो, तर साडू म्हणाले, थांबा, हा धूर कुठला ते एकदा बघून घेऊ. आणि इस्त्रीच्या कपड्यांनिशी वर्तमानपत्र पसरून ते रस्त्यावर उताणे झाले. ट्रॅफिकचा हवालदार आला. "अंकल, अब इसको आराम दे दो," म्हणाला. गाडीखालून आवाज आला, "पहले टॉर्च पकडो." हवालदारानं खरोखरच टॉर्च धरला. मी कचेरीत पोचलो तेव्हा मुलाखती संपल्या होत्या. ती बढती माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकट्या माणसाला मिळाली आणि पुढं तोच माझा साहेब झाला. संध्याकाळी परतताना साडू आनंदात होते, कारण गळतीची जागा सापडली होती.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत मेट्रो द्वारकेपासून थेट नोएडापर्यंत धावायला लागली. मला सुटका दिसली. पण मेहुणीच्या यजमानांना सांगायचं कसं? मी म्हटलं, माझी वेळ बदलली आहे, आता मला सातला निघावं लागणार. साडू म्हणाले, "अच्छा. मग आपण सातला निघू." मी घाईनं सांगितलं, की कंपनीनं गाडी लावून दिली आहे. ते म्हणाले, बरं झालं, तुमची दगदग वाचली. दुसऱ्या दिवसापासून मी मागच्या गेटानं बाहेर पडून स्टेशनला जाऊ लागलो. कधी समारंभात भेटलो, की ते गळतीची हकिगत सांगत आणि मी मान हलवत असे. पुढची सहा वर्षं ते एकटे गेले, एकटे आले, आणि निवृत्त झाले.

निवृत्तीनंतर वर्षभरात गाडीला पंधरा वर्षं पुरी होत आली. दिल्लीत त्यापुढं ती रस्त्यावर आणता येणार नव्हती. लांबच्या गावी विकण्यापेक्षा मोडीत काढू, असं मेहुणीनं ठरवलं. मुदत संपायला आठवडा असताना साडूंनी गाडी मिस्त्रीकडे नेली आणि गिअरबॉक्स उतरवून तो मागचा सील बदलून घेतला. तेलही नवं भरलं. मिस्त्रीनं मला फोन करून विचारलं, साहेबांची तब्येत ठीक आहे ना. मेहुणी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. साडू माझ्याकडे आले आणि म्हणाले, "उद्या वेळ आहे का? नोएडाच्या पुढं जायचंय, गाडी सोडायला."

इतक्या वर्षांनी मी पुन्हा त्यांच्या डाव्या हाताला बसलो. पोचल्यावर त्यांनी मला खाली वाकून इंजिनाचं बूड बघायला लावलं. कोरडं ठणठणीत होतं. त्यांनी त्यावर बोट फिरवून मला दाखवलं. बोटाला नुसती धूळ. तेवढ्यात भंगाराच्या आवारातला माणूस पाना घेऊन आला, गाडीखाली शिरला आणि त्यानं ड्रेन बोल्ट काढला. मोडीत काढायच्या गाडीचं तेल आधी काढावं लागतं, त्याचा काही दोष नव्हता. मधाच्या रंगाचं कोरं तेल धार धरून एका फुटक्या घमेल्यात पडलं, आणि घमेल्यातून जमिनीवर वाहत गेलं. साडू शेवटचा थेंब पडेपर्यंत उभे राहिले. मग रुमालानं बोट पुसून म्हणाले, चला.

परत येताना आम्ही मेट्रोनं निघालो. स्टेशनात शिरताना माझ्या खिशातून मेट्रोचं कार्ड निघालं, त्याच्या कडा झिजलेल्या. ते त्यांनी पाहिलं. अक्षरधाम गेलं, यमुना गेली. मग त्यांनी विचारलं, रोज किती वेळ लागायचा. मी सांगितलं, सव्वा तास.

"म्हणजे आपल्यापेक्षा लवकरच," ते म्हणाले.

"हो, दादा."

पुढचं स्टेशन आलं, माणसं उतरली, चढली. दारं बंद झाल्यावर ते हळूच म्हणाले, "तेव्हाच सांगायचं होतंत, साडूबुवा. मीही मेट्रोनं आलो असतो."