आधी सभा, मग ठराव

शांताताईंची आणि माझी पहिली ओळख झाली ती माझ्या चुकीमुळे. भातकुली तालुक्यातल्या त्यांच्या गावी मी ग्रामसेवक म्हणून नुकताच रुजू झालो होतो आणि त्या सरपंच होत्या. तो सगळा खारपाणपट्टा. विहिरींना खारट पाणी. गोड्या पाण्याची योजना मंजूर झाली होती आणि टाकी कुठे बांधायची ते आता गावानेच ठरवायचे, असे शासनाने कळवले होते. आमची रीत मात्र जुनीच. ठराव घरी लिहायचा आणि शिपायाने रजिस्टर घरोघर फिरवून सह्या आणायच्या. टाकी खाली गावात बांधायची, असा तसाच लिहिलेला ठराव मी ताईंपुढे ठेवला.

"सचिवसाहेब, सभा तं अजून भरलीच नाई. मंग ठराव काहून लिवून आनला तुमी?"

"ताई, आज शेवटची तारीख आहे."

"असू द्या. आदी सभा."

रजिस्टर मांडीखाली घेऊन त्या शांतपणे बसल्या. मला मनातून रागच आला.

आजही डोळे मिटले की त्या सभेची संध्याकाळ स्वप्नासारखी तरंगत येते. शेवटची तारीख उलटून आठवडा झाला होता. सोयाबीन सोंगून बाया परत याव्यात म्हणून ताईंनी उन्हे कलल्यावर सभा बोलावली होती. निंबाखाली सोनेरी धूळ, आणि कोणालाच कसली घाई नाही. मग टेकाडावरच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या अनुसयाबाई उठल्या.

"टाकी खालती बांधान, तं आमच्याकडं पानी चढन कसं? आमी खारंच पेत राहू काय?"

माझ्या ठरावात ते टेकाड नव्हतेच. मी खजील झालो. टाकी टेकाडावरच बांधायची, असे सभेने ठरवले.

उशिराबद्दल मला नोटीस आली, तेव्हा ताई स्वतः माझ्याबरोबर पंचायत समितीत आल्या. "गाव ठरवून राह्यलं होतं, म्हनून उशीर झाला. काय विचाराचं ते मले विचारा," म्हणाल्या. माझी बाजू इतक्या मायेने कोणी घेतल्याचे मला आठवत नाही.

टेकाडावर नळ आला त्या दुपारी अनुसयाबाईंनी ओंजळभर पाणी तोंडात घेतले आणि कितीतरी वेळ तसेच धरून ठेवले. मग म्हणाल्या, "यातलं मीठ कुटं गेलं वो, शांते?" ताई हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

आज ताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, हे मी मनापासून म्हणतो, आणि थोडे स्वार्थानेही. ताई, सभेत बसायची सवय आम्हाला अजून पुरती लागलेली नाही.