सलीमच्या बोटांचा क्लोजअप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. शेगावला समाधीपुढे हात जोडून उभा राहिलो, तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. आत मावेना झालंय, एवढंच.

मी पिंपळगाव राजाचा. लग्नांचे व्हिडिओ करतो. काही वर्षांपूर्वी एक छोटी फिल्म केली, ती गाजली. तेव्हापासून बुलढाण्याच्या एका कॉलेजात मुलांना शिकवायला बोलावतात. विषय ठरलेला — सीनमध्ये धाकधूक कशी वाढवायची. मी सांगतो, आधी लांबून दाखवा. विहीर केवढी, माणूस केवढा. मग वरून, म्हणजे खोली पोटात उतरते. मग एकदम जवळ — फक्त बोटं. चेहरा नाही, आवाज नाही. आणि माझ्याच फिल्ममधला शॉट लावतो. वर्ग चिडीचूप होतो. दर वेळी.

ती बोटं सलीमची आहेत.

सलीम आमच्या गावचा शिंपी, शाळेपासूनचा माझा दोस्त. फिल्ममध्ये तो जीव वाचवायला कोरड्या विहिरीत उतरतो आणि काठाला लोंबकळतो. खरं तर आत एक दगड पुढे आलेला होता, त्यावर त्याचे पाय टेकत. वरून ते दिसत नसे. शूटिंगला सोबत आलेले बाकीचे दोघं दोर आणायला रस्त्यावरच्या गाडीकडे गेले होते. ऊन उतरत होतं. मी म्हणालो, "दोर येईलोक एक शॉट घेऊन टाकू."

"घे ना बे," तो म्हणाला आणि उतरला. इतका विश्वास!

तो पडला. कंबर मोडली. खामगावच्या दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं हेच विचारलं, "मोहन, मी आवाज देल्ला होता. तुले आयकू नाई आला काय?"

"नाही रे. बॅटरी बदलायले मांगं गेलतो मी."

"मंग तू तरी काय करशीन," तो म्हणाला — आणि माझाच हात थोपटला.

पुढे फिल्म पाहिली तेव्हा त्या शॉटबद्दल त्यानं विचारलं. मी म्हणालो, तो आधीच्या टेकचा आहे. तेही त्यानं मानलं. आता त्याला दहा मिनिटांच्या वर मशीनवर बसवत नाही. शिलाई त्याची बायको, शबाना, करते. तो आडवा पडून काजं-बटणं करतो. दुकानात गिऱ्हाईक आलं की मोबाइलवर फिल्म दाखवतो. "आपल्या दोस्तानं काढली," म्हणतो. हे ऐकून मी तिथं उभा कसा राहतो? राहतो. चहासुद्धा पितो.

बॅटरी — कसली बॅटरी? मी कुठंही गेलो नव्हतो. विहिरीच्या काठावर पालथा पडलो होतो, कॅमेरा डोळ्याला लावून. त्याचं मनगट माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. हातभरच.

"मोहन, पायाखालचा गोटा हालून राह्यला बे. हात दे."

हे त्या शॉटमध्ये आहे. मी आवाज कापलाय. मुलं त्या शांततेचं कौतुक करतात, वहीत लिहून घेतात.

त्यानं दुसऱ्यांदा हाक मारली. माझं नाव घेऊन. बोटं पांढरी पडत चालली होती, नखांत माती शिरत होती, आणि मला दिसत होतं की हा अभिनय नाही. असा शॉट मला जन्मात मिळाला नव्हता. माझ्या मनात तेव्हा काय आलं, सांगू? "अजून थोडं, सलीम. सोडू नको."

घाबरून गोठलो असतो तर गोष्ट वेगळी होती. मी गोठलो नव्हतो. हात मोकळा होता माझा, डावा. तो मी पुढे केला — आणि लेन्स फिरवून आणखी जवळ गेलो.