हळू आवाजातलं गाणं

काल दुपारी जेवायला आम्ही तिघंच होतो: मी, बायको आणि नववीतली सई. सईचा फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. त्यावर तिच्या आवडत्या कोरियन बँडचं नवं गाणं हळू आवाजात पुन्हा पुन्हा वाजत होतं. ऐकत कोणीच नव्हतं.

"बंद कर की जरा."

"गाण्याचे व्ह्यूज कमी पडले तर फॅन ग्रुपवाले मलाच धरतील, बाबा."

खालच्या मजल्यावरच्या मुक्ताचा आवडता बँड दुसरा. दोघी बालवाडीपासूनच्या मैत्रिणी. आधी ऑनलाइन एकमेकींच्या बँडला नावं ठेवायच्या, आता एकमेकींना ठेवतात.

"तू नको ना लिहूस काही," मी म्हटलं.

"नाही लिहिलं तर म्हणतात, फितूर झालीस. लिहिलं की मुक्ता जिन्यात मान फिरवते."

आवडलं म्हणून लावलेलं गाणं बंद करायची भीती कधीपासून वाटू लागली, हे तिलाही सांगता येईना. सोसायटीच्या ग्रुपमधून मलाही कुठे बाहेर पडता येतं?

हात धुवायला खिडकीजवळच्या बेसिनशी गेलो. खालच्या स्वयंपाकघरातून दुसरं गाणं येत होतं, तितक्याच हळू आवाजात. सईनंही ऐकलं.

"तीपण जेवत असेल," ती म्हणाली आणि संपलेलं गाणं तिनं पुन्हा लावलं.